पाहुणीचा वाटा

अधारताल, जबलपूर
१८ जून १९७८

प्रिय रत्नाकर,

अनेक आशीर्वाद. सुकवारोला सांग, तिच्या दीदीने आठवण काढली.

काल ओमतीला पुस्तकांच्या दुकानात तुझ्या शाळेचे हेडमास्तर भेटले. त्यांच्याकडून कळलं की तीन तारखेला जंगल खात्याची जीप गावात आली आणि तुझ्या सासऱ्यांना, समारूदादांना, घेऊन गेली. आणखी तिघांनाही. घरातलं धनुष्य नेलं, भिंतीवरची शिंगं नेली. हे सांगताना हेडमास्तर माझ्याकडे असे पाहून राहिले होते की मला तिथे उभं राहवेना. घेतलेली पुस्तकं दुकानातच विसरून आले.

तू मला कळवलं नाहीस. काहून?

माझ्या लेखामुळे झालं असं तुला वाटत असेल. पण मी कोणाचं नाव लिहिलं नव्हतं, गावाचंही नाही. ‘मंडला जिल्ह्यातलं एक आदिवासी गाव’ एवढंच. फोटो मोठा करून छापला तो संपादकांनी. मथळाही त्यांचाच. मी दिलं होतं ‘चैतातली शिकार’. त्यांनी केलं ‘खून का त्योहार’. मी रविवारची पुरवणी उघडली तेव्हा मलाही धक्का बसला.

बाकी, जे पाहिलं ते लिहिलं. त्या दिवशी तू मंडल्याला पेपर तपासायला गेला होतास, तू काही पाहिलं नाहीस. चितळाची मादी बाण लागून पडली, त्यानंतर कितीतरी वेळ पाय झाडत होती. तिच्या भोवती उभे असलेले लोक हसत होते. ती जशी ओरडली तसं जनावर ओरडतं हे मला माहीत नव्हतं, आणि मी बावीस वर्षं मुलींना जीवशास्त्र शिकवून राहिले. मी गप्प बसले असते तर मला वर्गात उभं राहता आलं नसतं.

दहा वर्षांनी मी तुझ्या घरी आले होते. तुझ्या लग्नाला आले नाही, त्याची माफी मी तुझ्या अंगणात मागितली आणि तू दिलीस. ते आता मोडू नको. दोन ओळी लिही.

तुझी,
ताई


अधारताल
२ जुलै १९७८

प्रिय रत्नाकर,

तुझं उत्तर नाही. सगळ्यांना जामीन झाला असं ऐकलं. बरं वाटलं.

मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली नाही, फक्त सांगितली नव्हती. मेच्या शेवटी सिविल लाइंसमध्ये एका बंगल्यावर माझा सत्कार झाला. वन्यजीवांवर प्रेम करणाऱ्या लोकांचं मंडळ आहे, त्यांनी केला. शाल, नारळ, भाषणं. एका बाईंनी माझा लेख वाचून दाखवला आणि वाचता वाचता त्यांचा गळा दाटला. मला उभं केलं होतं त्याच्या मागच्या भिंतीवर वाघाचं मुंडकं होतं, खाली पितळेची पट्टी, त्यावर साल. मी तिकडे पाहिलं तर यजमान घाईघाईने म्हणाले, “वो लाइसेंस का है, दीदी. पुराना है.” सगळे हसले. मीही हसले.

घरी आल्यावर मला आठवलं, आपण लहान असताना बाबांच्या फॅक्टरीतले साहेब शिकारीहून आले की आपल्याकडे डबा यायचा. आई अंगणात वेगळी चूल मांडायची. बाबा म्हणायचे, सांबराचं आहे, हळूहळू खा. तू दोनदा मागायचास. लेख लिहिताना हे मला सुचलंही नाही.

बाबा ठीक आहेत. लेखाचं कात्रण त्यांनी आपल्या पेन्शनच्या फाइलीत लावलं आहे. तुझं नाव ते अजूनही घेत नाहीत. पण लेख आला त्या दिवशी म्हणाले, “पाहा, हे असे लोक. मी काय चुकीचं सांगत होतो काय त्याले?” मी उठून आत गेले. बोलायला हवं होतं.

ताई


अधारताल
२० ऑगस्ट १९७८

रत्नाकर,

तीन वेळा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की मी कोणाचं नाव दिलं नाही. लेखात दिलं नाही हे खरं आहे. पण लेख आल्यावर आठ-दहा दिवसांनी जंगल खात्याचे एक अधिकारी घरी आले होते. तरुण होते, चांगले बोलत होते. बाबांच्या पाया पडले. मी चहा केला. त्यांनी छापलेला फोटो पुढे ठेवला आणि विचारलं, “दीदी, बीच में ये बुज़ुर्ग कौन हैं? बड़ा रौबदार चेहरा है.”

आणि मी सांगितलं. समारू टेकाम. गावात मान आहे त्यांचा, शिकारीचं सगळं तेच ठरवतात, हाका कुठून सुरू करायचा, कोणी कुठे बसायचं. हाका म्हणजे काय तेही मी समजावून सांगितलं, रत्नाकर, फळ्यावर सांगावं तसं. जनावर कसं रेटत आणतात, कोण कुठे उभं असतं. मला बरं वाटून राहिलं होतं की एक शिकलेला माणूस माझ्याकडून ऐकून घेतो आहे. माझी ओळख तिथली आहे, मला आतलं माहीत आहे, असं.

शेवटी त्यांनी कागद काढला. त्यात मी बोललेलं सगळं लिहिलेलं होतं. मी सही केली. पूर्ण नाव, ‘सुनेत्रा बाबाराव ढोमणे, अध्यापिका’.

बाकीच्या तिघांची नावं मला माहीत नव्हती. माहीत असती तर तीही दिली असती.

आता तू मला लिहिलं नाहीस तरी मी समजेन.

ताई


अधारताल
१५ ऑक्टोबर १९७८

प्रिय रत्नाकर,

तुझं कार्ड मिळालं. चार महिन्यांत एक कार्ड, आणि त्यावर एवढंच: “तुला समन्स येईल. यायचं तर ये, नाही तर नको.” मी ते बऱ्याच वेळा वाचलं. तुझं अक्षर अजून तसंच आहे.

समन्स कालच आलं. एकवीस नोव्हेंबर, मंडला. सरकारतर्फे साक्षीदार.

कोर्टात जाण्याआधी तुला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. दोन्ही तुला गावातून कळल्याच असतील. तू विचारल्या नाहीस, मी बोलले नाही.

लेखात मी लिहिलं की चितळाची मादी गाभण होती आणि पोट फाडल्यावर पाडस निघालं. लोकांना तेच वाक्य लागलं. सिविल लाइंसच्या बाईंचा गळा त्याच वाक्यावर दाटला. तसं काही झालं नव्हतं. पोटात पाडस नव्हतं. मी मसुदा वाचून पाहिला तेव्हा मला वाटलं, मला जे वाटलं ते यात उतरलं नाही. त्या ओरडण्याने माझं जे झालं ते कोणाला कळणार नाही. म्हणून मी पाडस घातलं. एक ओळ. लिहिताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, इतकं मला ते खरं वाटलं.

दुसरं हे की मी जेवले.

बायका शिकारीला जात नाहीत हे सुकवारोने मला सांगितलं होतं. मी हट्ट केला. समारूदादा आधी नाही म्हणाले, मग संध्याकाळी निरोप आला की मास्तरची बहीण आहे, येऊ दे. मला त्यांनी एका मोठ्या दगडावर बसवलं, खाली उतरायचं नाही म्हणाले. मग परत आल्यावर मांसाचे वाटे झाले, घराघराचे, ज्या दोन विधवा आहेत त्यांचेही. आणि सगळ्यांत आधी एक वाटा पानावर काढून समारूदादांनी माझ्यापुढे केला. पाहुणीचा.

मी नाही म्हणू शकले असते. सुकवारोने शिजवलं, मी खाल्लं. नाइलाजाने खाल्लं असंही नाही. भूक लागली होती, चांगलं लागलं. आणि सात दिवसांनी जबलपूरला टेबलाशी बसून मी त्यांच्याबद्दल लिहिलं की हे लोक खाऊन नाचतात.

मला अजूनही शिकार आवडत नाही. ते मी बदलून सांगणार नाही, तुझ्यासाठीसुद्धा नाही. पुन्हा कोणी नेलं तरी मी जाणार नाही. पण जे घडलं त्याचं मी काय केलं, ते वेगळं आहे.

ताई


अधारताल
५ नोव्हेंबर १९७८

प्रिय रत्नाकर,

मी येणार आहे. आदल्या दिवशीच्या बसने निघेन, धर्मशाळेत उतरेन. तुझ्याकडे येत नाही, काळजी करू नको.

काय सांगायचं ते मी ठरवलं आहे. समारूदादांना काही होणार नाही. तुझ्या वकिलाला सांग, माझी उलटतपासणी फार लांबवू नका, गरज पडणार नाही.

सुकवारोला सांग, निश्चिंत राहा.

ताई


अधारताल
२३ नोव्हेंबर १९७८

प्रिय रत्नाकर,

तू बाहेर व्हरांड्यात होतास, कारण तूही साक्षीदार होतास आणि साक्षीदाराला आत बसू देत नाहीत. आत काय झालं ते तुला वकिलाने सांगितलं असेल, सुकवारोने सांगितलं असेल. तरी माझ्याकडून ऐक.

सरकारी वकिलांनी फोटो माझ्या हातात दिला. विचारलं, “इसमें बीच में कौन है?”

मी म्हणाले, “मालूम नहीं.”

“आपके बयान में तो नाम लिखा है. समारू टेकाम.”

“गलती से दिया था. गांव में नई थी. साफे में सब एक जैसे दिखते हैं. समारू टेकाम उस दिन वहां थे ही नहीं.”

ही चार वाक्यं मी दोन आठवडे पाठ केली होती. भाजी चिरताना, शाळेच्या वाटेवर, बसमध्ये. म्हणताना माझा आवाज हलला नाही. सरकारी वकील लाल झाले, मी उलटले असं मॅजिस्ट्रेटना म्हणाले. तुमचा वकील माझ्याकडे पाहून राहिला, त्याच्या चेहऱ्यावर हसू येत होतं. मला वाटलं, झालं. सुटले. रत्नाकर, त्या एका क्षणी मी ‘सुटले’ असं मनात म्हटलं, ‘सुटले दादा’ असं नाही.

आरोपीच्या कठड्यातून आवाज आला. “साहब, बाई झूठ बोल रही है.”

वकिलाने त्यांची बाही ओढली. समारूदादांनी हात सोडवून घेतला. सावकाश बोलले, चिडले नव्हते. “हम थे. हांका हमने लगवाया. पहला तीर हमारा था. बाई को हमने पत्थर पर बिठाया. फोटो के लिए बोली तो साफा बांधके खड़े हुए. बोली थी एक फोटो भेजेगी. आज कचहरी में देखा.”

फोटो मी कधी पाठवला नाही. त्यांनी मागितला होता, मी हो म्हटलं होतं, आणि मग माझ्या डोक्यातूनच गेलं. एक प्रत संपादकांना दिली, एक सत्काराच्या वेळी चौकट करून मला मिळाली. ज्याचा फोटो त्याला नाही.

मॅजिस्ट्रेट त्यांना म्हणाले, “सोच के बोलो. ये तुम्हारे खिलाफ जाएगा.”

“जाए. हमारे बाप, उनके बाप, सबने चैत में हांका किया है. हम नहीं थे ऐसा कौन बोलेगा? बाई बोलेगी?” मग माझ्याकडे वळले. इतका वेळ त्यांनी माझ्याकडे पाहिलं नव्हतं. “हिरनी के पेट में बच्चा नहीं था. अखबार में वो भी झूठ लिखा. रहता तो हम वो भी बोलते. और इसने हमारे साथ खाया है. पहला हिस्सा इसी को दिया था.”

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. मॅजिस्ट्रेटनी मला विचारलं, “अब आप क्या कहती हैं?”

मी म्हणाले, “ते खरं सांगत आहेत.” कारकुनाला कळलं नाही. मॅजिस्ट्रेटनी पुन्हा विचारलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी मराठीत बोलले. इतक्या वर्षांत घराबाहेर असं कधी झालं नव्हतं. “सब सच है,” मी म्हणाले. “जो ये बोल रहे हैं, सब.”

मग त्यांनी मला खूप सुनावलं. खोट्या साक्षीबद्दल खटला होऊ शकतो म्हणाले, शिक्षिका असून म्हणाले. मी मान खाली घालून ऐकलं, मुली माझ्यासमोर ऐकतात तसं.

बाहेर आले तर तू समोर, सुकवारो आधीच येऊन तुला काही सांगत होती. माझ्याकडे आलास तेव्हा मला वाटलं तू ओरडशील. तू ओरडला असतास तर बरं झालं असतं.

“ताई, त्यांना विचारलं होतंस?”

“काय विचारलं होतं?”

“तुमच्यासाठी खोटं बोलू का, म्हणून.”

आणि तू सुकवारोला घेऊन खाली उतरून गेलास.

काल निकाल ऐकायला मी थांबले. तिघं सुटले. त्यांना कोणी ओळखलं नाही, आणि समारूदादांनी स्वतःशिवाय दुसऱ्या कोणाचं नाव घेतलं नाही. समारूदादांना सहा महिने. पोलीस त्यांना नेत होते तेव्हा मी भिंतीशी उभी होते. ते माझ्या शेजारून गेले. मी काही म्हणेन असं त्यांना वाटलं असावं, कारण पाऊल जरा थांबलं. मी बाजूला सरून वाट दिली.

बसमध्ये मी पूर्ण वेळ एकाच गोष्टीचा विचार केला. लेखात मी त्यांना क्रूर केलं आणि कोर्टात तर तिथे नसलेलेच करून टाकलं. दोन्ही वेळा मी ठरवलं, दोन्ही वेळा मला वाटलं मी चांगलं करून राहिले.

ताई


अधारताल
१७ डिसेंबर १९७८

प्रिय रत्नाकर,

समारूदादांना इथल्या जेलमध्ये आणलं आहे हे तुला माहीत असेल. काल शनिवारी मी त्यांना भेटून आले.

शाळेने मला नोटीस दिली आहे, उत्तर दिलं, पुढे काय होईल ते होईल. त्या संपादकांचा माणूसही येऊन गेला. कोर्टातली बातमी त्यांना कळली. आता दुसरी बाजू लिहा म्हणाला, लोक वाचतील. मी म्हणाले, विचारून सांगते. “किससे पूछेंगी?” त्याला खरंच समजलं नाही.

बाबांना मी जेवताना सांगितलं की जेलमध्ये चालले आहे. मी निघाले तेव्हा खुर्चीवर त्यांचं करडं स्वेटर घडी करून ठेवलेलं होतं. मी म्हटलं, “हे कोणासाठी?” तर म्हणाले, “थंडी आहे ना तिकडे. विचारते काय?” आणि पेपर उघडला.

फाटकावर रजिस्टरमध्ये लिहून घेतात. शिपायाने विचारलं, “क्या लगती हो?” मी म्हणाले, “इनकी बेटी की ननद.” दहा वर्षांत हे नातं मी पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं. त्याने लिहून घेतलं, पुढच्याला बोलावलं.

दादा वाळले आहेत. खोकतात. जाळीपलीकडे उभे राहिले आणि म्हणाले, “काहे आई?”

मी सगळं तयार करून नेलं होतं, माफी कशी मागायची ते. ती वाक्यं मी म्हटली नाहीत. पाठ केलेलं त्यांनी माझ्याकडून एकदा ऐकलं आहे. मी म्हणाले, “स्वेटर लाई हूं. और कुछ पूछना है.” स्वेटर शिपायाने झटकून पाहिलं आणि आत दिलं. दादांनी ते काखेत धरलं. घातलं नाही.

मी विचारलं, “दादा, अखबार वाले फिर से मांग रहे हैं. जो सच है वो लिख दूं? तुम बोलो तो.”

“नहीं.”

एवढंच. त्यांना विचार करावा लागला नाही. मी हो म्हटलं. वेळ संपत आली होती, शिपाई काठी वाजवत होता. तेव्हा ते म्हणाले, “चिट्ठी लिख सकती हो? मास्टर को?” मी पर्समधून पेन काढलं, कागद नव्हता. शाळेच्या नोटिशीच्या पाठीमागे लिहिलं, आधी कोद्रूच्या मळणीचं, मग बाकीचं.

मी त्यांना सांगितलं नाही की तू मला उत्तर देत नाहीस. हे उत्तर मला देऊ नको, त्यांना दे. खाली त्यांचे शब्द आहेत. माझा एकही नाही.

“मास्टर, राम राम. हम ठीक हैं. खांसी है. कोदो की मिंजाई हुई कि नहीं, साफ लिखो. नाला तरफ के खेत में सुअर उतरता होगा. सुकवारो को उधर अकेली मत भेजना. लड़के लोग टीन बजाएं, हाथ में और कुछ न लें, अभी नहीं. धनुष कचहरी में है, उसके पीछे मत घूमना. बाई शनिवार को आएगी बोलती है. जवाब उसी के पते पर भेजो. वो पढ़ेगी, हम सुनेंगे. उसको बोल देना, जो लिखा हो वही पढ़े.”

ताई